एका मिनिटाच्या आत

आमचे पोहण्याचे सर घड्याळ हातात घेऊन टँकच्या कठड्यावर उभे राहत, आणि शंभर मीटर फ्रीस्टाईल संपवून आमच्यापैकी कुणीही भिंतीला हात लावला की एवढेच विचारत, ‘मिनिटापासून किती लांब?’ जिल्हा पातळीवर पोहणाऱ्या आम्हा मुलींना सत्तर सेकंदांच्या आत येणेसुद्धा अवघड होते; माझे स्वतःचे सर्वांत चांगले टायमिंग एक मिनिट चौदा सेकंद, आणि तेही आयुष्यात एकदाच आले. तरी सर मोजायचे ते मिनिटापासूनच. शंभर मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारी जगातली पहिली स्त्री डॉन फ्रेझर ही होती, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितले होते की ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचे नाव ठाऊक नसलेल्या वयात मला तिचा ५९.९ सेकंदांचा आकडा पाठ होता.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीला दमा असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला तिला पोहायला पाठवण्याचा सल्ला दिला. संध्याकाळी ती पाण्यात असते तेव्हा मी बाकावर बसून असते, आणि अशाच एका संध्याकाळी मला आठवले की डॉन फ्रेझरलाही दमा होता. तेवढ्या एका धाग्यावरून मी तिची कारकीर्द पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. सरांनी सांगितलेला आकडा बरोबर होता. मात्र त्या आकड्याच्या आधी आणि नंतर तिच्या वाट्याला काय आले होते, याची मला लहानपणी काहीच कल्पना नव्हती. ही कारकीर्द शरीर थकल्यामुळे थांबली नव्हती. ती थांबवण्यात आली होती.

डॉनचा जन्म ४ सप्टेंबर १९३७ रोजी सिडनीच्या बॅलमेन या भागात झाला. आज तिथे घर घेणे श्रीमंतांनाच परवडते, पण त्या काळी बॅलमेन ही गोदी कामगारांची, जहाजदुरुस्ती करणाऱ्यांची वस्ती होती. वडील स्कॉटलंडहून आलेले आणि जहाजबांधणीच्या कामातले, घरात आठ भावंडे आणि डॉन सर्वांत धाकटी. वस्तीच्या कडेला, एल्किंग्टन पार्कच्या पायथ्याशी, समुद्राच्या खाडीतच कठडे घालून केलेला एक जुना पोहण्याचा तलाव होता, जिथे भरती-ओहोटीबरोबर पाणी चढे आणि उतरे. ऑस्ट्रेलियातल्या अशा तलावांपैकी तो सर्वांत जुन्यांत मोजला जातो. दम्याने छाती भरून येणारी ही मुलगी त्या खाऱ्या पाण्यात मोकळा श्वास घेऊ शकत असे. तिच्यावर जीव असलेला मोठा भाऊ ल्युकेमियाने गेला, तेव्हा ती किशोरवयात होती. शाळा लवकर सुटली आणि नोकरी करणे भाग पडले. गरिबाघरच्या मुलीला पोहण्याच्या अधिकृत क्रीडाविश्वात शिरणे किती कठीण होते, याचा अनुभव तिला तेव्हाच आला होता, कारण बक्षिसाची रक्कम देणाऱ्या स्थानिक स्पर्धांत पोहल्यामुळे त्या कोवळ्या वयातच तिच्यावर ‘व्यावसायिक’ असा शिक्का बसला होता. हौशी खेळाडूंचा तो काळ होता आणि हौस ही ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही त्यांनाच परवडते, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते, किंवा आले असले तरी त्यांना त्याचे काही वाटत नव्हते.

हॅरी गॅलॅघर या प्रशिक्षकाने तिला पाण्यात पाहिले आणि एक पैसाही न घेता शिकवायची तयारी दाखवली. पुढे ते ॲडलेडला गेले तेव्हा तीही घर सोडून तिकडे गेली आणि नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ सराव करू लागली. गॅलॅघर यांची मोठी करामत अशी की या बंडखोर मुलीवर हुकूम चालवून काही साधणार नाही हे त्यांनी ओळखले होते. तिच्या अंगातली ईर्ष्या त्यांनी दाबली नाही, तिला घड्याळाकडे वळवले. चांगला प्रशिक्षक मिळणे हे किती नशिबाचे असते ते मी अनुभवाने सांगू शकते, कारण सरांची बदली झाल्यावर आमच्या टँकवर आलेल्या नव्या गुरूंना मुलींनी फक्त वेळेवर यावे आणि निमूटपणे लांबी मोजावी एवढेच हवे होते, आणि दोन वर्षांत आमच्यापैकी एकही मुलगी स्पर्धेत उरली नाही.

२१ फेब्रुवारी १९५६ रोजी सिडनीत डॉनने शंभर मीटर फ्रीस्टाईल १ मिनिट ४.५ सेकंदांत पूर्ण केली. हॉलंडच्या विली डेन औडेन हिचा १९३६ सालचा १ मिनिट ४.६ सेकंदांचा विक्रम तोवर तसाच उभा होता. वीस वर्षांनी तो मोडला गेला आणि तोही एका दशांश सेकंदाने. त्यानंतर मात्र बांध फुटल्यासारखे झाले. हॉलंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या मुली त्या वर्षभर एकमेकींचे विक्रम मोडत राहिल्या. डॉनची खरी प्रतिस्पर्धी तिच्याच संघात होती. लॉरेन क्रॅप हिने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाउन्सव्हिलच्या सराव शिबिरात चारशे मीटर फ्रीस्टाईल पाच मिनिटांच्या आत पोहून दाखवली होती, आणि हे करणारी ती जगातली पहिली स्त्री होती. शंभर मीटरचा जागतिक विक्रमही ऑलिंपिकला जाताना क्रॅपच्याच नावावर होता.

मेलबर्न ऑलिंपिकमधली ती अंतिम शर्यत १ डिसेंबर १९५६ रोजी झाली. डॉन १ मिनिट २ सेकंद, क्रॅप १ मिनिट २.३ सेकंद आणि तिसरी आलेली फेथ लीच १ मिनिट ५.१ सेकंद, अशी तिन्ही पदके ऑस्ट्रेलियाच्याच मुलींना मिळाली. डॉनचा वेळ हा जागतिक विक्रम होता. चारशे मीटरमध्ये क्रॅपने सुवर्ण नेले आणि डॉन दुसरी आली. चार बाय शंभर रिलेमध्ये दोघींनी मिळून ऑस्ट्रेलियाला जागतिक विक्रमासह सुवर्ण मिळवून दिले. त्या दिवसापासून शंभर मीटर फ्रीस्टाईलच्या जागतिक विक्रमापुढे जे डॉन फ्रेझर हे नाव लागले ते पुढची पंधरा वर्षे हलले नाही. विक्रम बदलत राहिला, पण तो बदलणारी तीच होती.

इथे आजच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. तिच्या नावावर एकूण आठ ऑलिंपिक पदके आहेत, चार सुवर्ण आणि चार रौप्य, आणि अलीकडच्या जलतरणपटूंच्या पदकांशी तुलना केली तर ही संख्या काही विशेष वाटणार नाही. पण मेलबर्नमध्ये स्त्रियांसाठी पोहण्याच्या शर्यतीच मुळी सहा होत्या, आणि फ्रीस्टाईलमध्ये वैयक्तिक शर्यती फक्त दोन, शंभर मीटर आणि चारशे मीटर. दोनशे आणि आठशे मीटर या शर्यती स्त्रियांना १९६८ मध्ये मिळाल्या. बायकांच्या छातीत एवढा दम नसतो असे पुरुष अधिकारी उघडपणे मानत असत, त्या काळात दमा असलेली एक बाई त्यांना दोनच संधींतून जे मिळवून दाखवत होती ते आकड्यांत पुरते उतरत नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची ख्रिस फॉन साल्ट्झा हिने तिला हरवायची जय्यत तयारी केली होती. डॉनने १ मिनिट १.२ सेकंदांत शर्यत जिंकली आणि फॉन साल्ट्झा १ मिनिट २.८ सेकंदांत दुसरी आली. एवढ्या मोठ्या पातळीवर शंभर मीटरमध्ये दीड सेकंदाहून अधिक अंतर पडणे ही फार मोठी गोष्ट असते. परंतु रोमची आठवण तिच्या चाहत्यांनाही निखळ आनंदाची वाटत नाही. शर्यत जिंकल्यानंतरच्या दिवशी मिडले रिलेच्या, म्हणजे चौघींनी चार वेगवेगळ्या पद्धतींनी पोहायच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत बटरफ्लायचा टप्पा पोहायला तिला ऐनवेळी सांगण्यात आले. आज आपली शर्यत नाही अशा समजुतीने तिचे जेवण झाले होते, आणि तिने नकार दिला. वाद वाढला, एका सहकारी मुलीला तिने उशी फेकून मारली, आणि उरलेले दिवस संघातल्या कुणी तिच्याशी धड बोललेही नाही. तिने नकार द्यायला नको होता असे मला वाटते. रिले ही एकटीची शर्यत नसते, आणि सुवर्णपदक गळ्यात असलेल्या मुलीने अशा वेळी नमते घेतले असते तर तिचे काही कमी झाले नसते. पण बावीस वर्षांच्या मुलीची ती एक चूक अधिकाऱ्यांनी वहीत लिहून ठेवावी तशी लक्षात ठेवली आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगी काढून दाखवली.

आता त्या मिनिटाविषयी. मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते याविषयीच.

रोमच्या आधी, फेब्रुवारी १९६० मध्ये, डॉनचा विक्रम ६०.२ सेकंदांपर्यंत येऊन पोहोचला होता. मिनिटापासून दोन दशांश सेकंद लांब. भिंतीला हात लावताना बोटे लांबवायला विसरले तरी एवढा वेळ जातो. पण शंभर मीटरच्या शर्यतीत वेळ जसजसा खाली येतो तसतसा प्रत्येक दशांश महाग होत जातो, हे ज्याने स्पर्धेत एकदा तरी हात मारले आहेत त्याला ठाऊक असते. पहिले पन्नास मीटर शरीर तुमचे ऐकते. वळल्यानंतरच्या पंधरा-वीस मीटरपर्यंतही ऐकते. त्यानंतर खांद्यांत आणि दंडांत जळजळ सुरू होते, पाय जड होतात, पाण्यावर पकड बसत नाही, आणि प्रत्येक वेळी तोंड वर काढून श्वास घ्यावा तर अंगाचा तोल आणि वेग दोन्ही जातात, न घ्यावा तर डोळ्यांपुढे काळोख येतो. वेगाने पोहणारी माणसे श्वास मोजून घेतात. दम्याच्या रुग्णाने ते मोजमाप सांभाळायचे म्हणजे काय, हे मला मुलीकडे बघेपर्यंत खरोखर कळलेले नव्हते. तिचा श्वास अपुरा पडू लागला की ती पाण्यातच थांबते, कठडा धरते आणि माझ्याकडे बघते. डॉनने ती वेळ येण्याच्या आत भिंत गाठायला स्वतःला शिकवले होते.

शिवाय तेव्हाची साधने आठवून पाहा. शर्यतीत डोळ्यांना गॉगल नसत, त्यामुळे औषध घातलेल्या पाण्यात उघड्या डोळ्यांनी भिंत शोधावी लागे. पोहण्याचे कपडे पाणी धरून ठेवत. लेनच्या दोऱ्या लाटा मोडण्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, म्हणून शेजारणीच्या हातापायांनी उसळलेले पाणी थेट तोंडावर येई. वेळ माणसेच हातातल्या घड्याळांवर मोजत आणि एका दशांश सेकंदाच्या पलीकडे कुणी जात नसे. आणि ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी तलाव यार्डांच्या मापाचे, पंचावन्न यार्ड लांबीचे होते. त्यात एक फेरी जाऊन येऊन एकशे दहा यार्ड, म्हणजे १००.५८ मीटर होतात. या अंतराचा वेळ शंभर मीटरचा विक्रम म्हणून धरला जाई, पण पोहणारीला अठ्ठावन्न सेंटिमीटर जास्त पोहावे लागत. डॉनच्या वेगाने हिशेब केला तर त्या अठ्ठावन्न सेंटिमीटरचे साधारण ०.३५ सेकंद होतात. म्हणजे ६०.२ सेकंदांचा विक्रम करताना ती खऱ्या शंभर मीटरच्या खुणेपाशी मिनिटाच्या आतच पोहोचलेली असणार. पण विक्रमाच्या वहीत भिंतीला हात लागल्याचा क्षण लिहितात.

त्या दोन दशांशांसाठी तिला दोन वर्षे आठ महिने लागले. ऑक्टोबर १९६२ मध्ये मेलबर्नला, पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी, ती आधी बरोबर ६०.० सेकंदांत पोहली. साठ पूर्ण. इतके जवळ येऊन पुन्हा पाण्यात उतरताना तिच्या मनात काय असेल, याचा मी लहानपणी फार विचार करत असे. चारच दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, घड्याळे ५९.९ सेकंदांवर थांबली. एकशे दहा यार्डांचे अंतर, आणि एका मिनिटाच्या आत आलेली पहिली स्त्री. पुढच्या महिन्यात पर्थला तिने तोच विक्रम ५९.५ सेकंदांवर आणला आणि त्या स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली. एकदा दार उघडल्यावर ती उंबरठ्यावर रेंगाळली नाही. २९ फेब्रुवारी १९६४ या दिवशी नॉर्थ सिडनीच्या तलावात तिने ५८.९ सेकंदांची नोंद केली. लीप वर्षातली ती तारीख मला कधी विसरता आलेली नाही. आज हा विक्रम स्वीडनच्या सारा शोस्ट्रॉम हिच्या नावावर आहे, ५१.७१ सेकंद, बुडापेस्ट, २०१७. साठ सेकंदांची भिंत एकदा पडल्यावर तिच्या पलीकडे एवढे मैदान होते.

त्या लीप दिवसानंतर थोड्याच दिवसांनी, मार्च १९६४ मध्ये, डॉन मोटार चालवत असताना तिला अपघात झाला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकवर गाडी आदळली. गाडीत तिची आई, बहीण आणि एक मैत्रीण होती. आई गेली. डॉनच्या मानेच्या मणक्याला इजा झाली आणि तिला कित्येक आठवडे मान प्लास्टरमध्ये ठेवून पडून राहावे लागले. टोकियो ऑलिंपिकला सात महिने उरले होते.

या प्रसंगावर मी फार लिहिणार नाही. स्वतःच्या हातात गाडीचे चाक असताना आई जाणे हे दुःख कुणी दुसऱ्याने शब्दांत मांडू नये. एवढेच सांगते की प्लास्टर निघाल्यावर ती पाण्यात परत गेली. मानेला धक्का बसू नये म्हणून तिला सरावात उंचावरून सूर मारणे आणि गिरकी घेऊन वळणे टाळावे लागत होते, आणि शंभर मीटरच्या शर्यतीत सूर आणि वळण या दोन गोष्टींवर निम्मी लढाई असते.

टोकियोच्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती. तेव्हाच्या जलतरणात हे वय इतके जास्त मानले जाई की संघातल्या मुली तिला आजी म्हणत. तिच्यासमोर अमेरिकेची शॅरन स्टाउडर होती, वय वर्षे पंधरा. वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या योयोगी क्रीडागृहाच्या त्या सुंदर छताखाली दोघी पाण्यात उतरल्या. डॉन पुढे होती, पण सत्तर मीटरच्या आसपास स्टाउडरने तिला गाठले. त्यानंतरचे तीस मीटर म्हणजे मी वर सांगितले ते, खांदे जळण्याचे आणि श्वास मोजण्याचे अंतर. डॉन ५९.५ सेकंदांत भिंतीला पोहोचली, स्टाउडर ५९.९ सेकंदांत. दोन वर्षांपूर्वी जगात फक्त एकीला जमलेला ५९.९ चा आकडा आता रौप्यपदकाचा झाला होता. एकच शर्यत सलग तीन ऑलिंपिकमध्ये जिंकणारी ती पहिली जलतरणपटू ठरली, पुरुषांतही आणि स्त्रियांतही. पुढे हंगेरीच्या क्रिस्टिना एगेरसेगी हिने दोनशे मीटर बॅकस्ट्रोकमध्ये १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन सुवर्णे घेतली. मायकेल फेल्प्स आणि केटी लेडेकी यांनी तर सलग चारपर्यंत मजल मारली. चार ही संख्या मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तिची चौथी संधी तिच्याकडून काढून घेतली गेली.

टोकियोत तिच्यावर तीन आरोप ठेवले गेले. पहिला असा की ज्यांची शर्यत तोंडावर आहे त्यांनी १० ऑक्टोबरच्या उद्घाटनाच्या संचलनात भाग घेऊ नये असा आदेश असताना ती संचलनात चालली. दुसरा असा की संघाने ठरवून दिलेला पोहण्याचा पोशाख तिला अंगाला नीट बसत नव्हता म्हणून तिने स्वतःचा वापरला. तिसरा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. शर्यती संपल्यावर एका रात्री काही जणांबरोबर ती सम्राटांच्या राजवाड्याच्या परिसरात आठवण म्हणून ऑलिंपिकचा ध्वज काढायला गेली आणि पोलिसांच्या हाती सापडली. ती कोण आहे हे कळल्यावर पोलिसांनी तिला सोडून दिले, आणि पुढे तो ध्वज तिला भेट म्हणूनही देण्यात आला. ज्यांचा ध्वज होता त्यांनी विषय तिथेच संपवला. समारोपाच्या सोहळ्यात ऑस्ट्रेलियाचा झेंडा घेऊन चालण्याचा मान तिला मिळाला. १९६४ ची ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ म्हणून तिची निवड झाली.

आणि १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जलतरण संघटनेने तिच्यावर दहा वर्षांची बंदी घातली.

दहा वर्षे. तिच्या वयाला दहा वर्षे मिळवा म्हणजे या शिक्षेचा अर्थ कळतो. तो कायमचा निरोप होता, फक्त त्याला मुदतीचे नाव दिले होते. संचलनाच्या प्रकरणात लिंडा मॅकगिल हिला चार वर्षे, तर मार्लिन डेमन आणि नॅन डंकन यांना प्रत्येकी तीन वर्षे बंदी झाली. देशाच्या ध्वजामागून चालल्याबद्दल. मॅकगिलने त्याच वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली आणि असे करणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन ठरली. संघटनेची सत्ता तलावाच्या भिंतींपर्यंतच होती, समुद्रावर ती चालत नव्हती. डॉन मात्र शंभर मीटरची राणी होती आणि तिचे राज्य त्या भिंतींच्या आतच होते. ज्या वर्षी तिच्या देशाने तिला बाहेर काढले, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जलतरणाच्या गौरव दालनात तिचे नाव कोरले गेले.

तिच्या हातून चुका झाल्या होत्या, ध्वजाचा प्रकार तर नक्कीच पोरकटपणाचा होता. पण एखाद्या पुरुष खेळाडूने हेच केले असते तर ती गोष्ट रंगवून सांगितली गेली असती, असे मला फार प्रामाणिकपणे वाटते. गोदी कामगाराची मुलगी, मोठ्याने बोलणारी, अधिकाऱ्यांना उलट उत्तर देणारी, आणि तरीही कुणाला हरवता न येणारी, हे त्यांना पचत नव्हते. मी स्वतः सोळाव्या वर्षी पोहणे सोडले ते एका पदाधिकाऱ्यांना ‘मुलींना कपडे बदलायला खोली का नाही’ असे विचारल्यानंतर पुढच्या यादीत माझे नाव आले नाही म्हणून. माझे सोडा, मी एक मिनिट चौदा सेकंदांची मुलगी होते, जगाचे काहीही अडले नाही. पण डॉनच्या बाबतीत जगाचे काय अडले ते आकड्यांत सांगता येते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या काही महिने आधी बंदी उठवण्यात आली, तेव्हा तयारीला वेळच उरला नव्हता. ती शर्यत अमेरिकेच्या जॅन हेन हिने १ मिनिट ०.० सेकंदांत जिंकली. डॉनने चार वर्षांपूर्वी, मान नुकती सावरलेली असताना, याहून अर्धा सेकंद कमी घेतला होता. एकतिसाव्या वर्षी ती जिंकलीच असती असे मी म्हणणार नाही. प्रेक्षकांत बसून तो वेळ पाहावा लागण्याऐवजी तिला पाण्यात उतरायचा हक्क होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुढचे आयुष्य तिने बॅलमेनलाच जोडून काढले. तिथे तिने पब चालवला, लहान मुलांना पोहायला शिकवले, आणि १९८८ मध्ये कुठल्याही पक्षाच्या तिकिटाशिवाय बॅलमेनमधून न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेवर निवडून गेली. १९९१ पर्यंत ती आमदार होती. खाडीतल्या त्या जुन्या तलावाला १९६४ पासूनच तिचे नाव आहे. २०१५ मध्ये टेनिसपटू निक किर्गिओसच्या वागण्यावर बोलताना तिने, त्याने आपल्या आईवडिलांच्या देशात परत जावे अशा अर्थाचे उद्गार काढले आणि नंतर माफी मागितली. ज्या बाईने शिस्तीच्या नावाखाली स्वतः इतके सोसले होते तिच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मला अतिशय वाईट वाटले, आणि तिच्यावरचे प्रेम कायम ठेवूनही ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आता ५८.९ सेकंदांचे काय झाले ते सांगते. तो विक्रम मोडायला सात वर्षे कुणी पुढे आले नाही. एप्रिल १९७१ मध्ये लंडनला एका चौदा वर्षांच्या मुलीने बरोबर तेवढीच वेळ नोंदवली आणि जानेवारी १९७२ मध्ये सिडनीत तिने ५८.५ सेकंदांत शर्यत पुरी केली. तिचे नाव शेन गूल्ड. तिचा जन्म सिडनीत २३ नोव्हेंबर १९५६ चा, मेलबर्न ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीचा. डॉनने पहिले सुवर्ण जिंकले आणि शंभर मीटरचा विक्रम पंधरा वर्षांसाठी आपल्याकडे घेतला तेव्हा गूल्ड आठ दिवसांची होती.

२००० साली सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात स्त्रियांच्या ऑलिंपिक सहभागाला शंभर वर्षे झाली म्हणून स्टेडियममधली शेवटची ज्योत फक्त स्त्रियांनी नेली. आम्ही घरी दूरदर्शनवर ते पाहत होतो. चाकाच्या खुर्चीतल्या जुन्या धावपटू बेटी कथबर्ट यांच्याकडून ज्योत डॉन फ्रेझरच्या हातात आली. त्रेसष्ट वर्षांची डॉन, केस पांढरे झालेले, चालण्यात तीच ऐट. मी उठून उभी राहिले आणि आईला म्हणाले, ‘हीच ती, मिनिटाच्या आतली.’ तिने ज्योत धावपटू शर्ली स्ट्रिकलंड यांना दिली, आणि स्ट्रिकलंड यांच्याकडून ती शेन गूल्डकडे गेली.